जुनी उभयचर चिलखती वाहनं: दुरुस्तीचा पहिला रुपया कुठे घालायचा?

भीमाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापूरला समुद्र नाही, पण ओतकाम, मशीनिंग, रबर आणि इंजिनाचे सुटे भाग यांतली जाणती माणसं या कट्ट्यावर आहेत. म्हणून विषय इथेच मांडतोय.

अमेरिकेच्या मरीन कोरचं एएव्ही-७ हे ट्रॅकवर चालणारं वाहन १९७२ मध्ये सेवेत आलं. जहाजाच्या पोटातून समुद्रात उतरायचं, पोहत किनारा गाठायचा, लाटा फोडून वाळूवर चढायचं आणि न थांबता रस्त्याला लागायचं, हे त्याचं काम. लढाईच्या तयारीत वजन सुमारे २९ टन. पाण्यात वेग ताशी १३ किमी, जमिनीवर ७२. १९८० च्या दशकात ४०० अश्वशक्तीचं नवं इंजिन बसलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी ५२५ अश्वशक्तीचं इंजिन आणि ब्रॅडली या अमेरिकी चिलखती वाहनाच्या धर्तीचं सस्पेन्शन आलं. २०१५ मध्ये तिसरी फेरी ठरली: ३९२ वाहनांना जास्त ताकदीचं इंजिन, सुरुंगाचा धक्का सोसणाऱ्या सीटा, नवं चिलखत. २०१८ मध्ये ती रद्द झाली आणि एसीव्ही या आठ चाकांच्या नव्या उभयचर वाहनाची निवड झाली. त्याआधी ईएफव्ही हे पूर्णपणे नवं, वेगवान उभयचर वाहन करायला घेतलं होतं, तेही सुमारे तीन अब्ज डॉलर खर्चून २०११ मध्ये गुंडाळलं.

माझं मत असं की इंजिन, तोफ, चिलखत हे सगळं नंतर. पाण्यात उतरणाऱ्या वाहनाचा पहिला रुपया पाणी बाहेर ठेवण्यावर आणि आत आलेलं बाहेर फेकण्यावर गेला पाहिजे. तीस-चाळीस वर्षं जुना ताफा हातात असेल तर तुम्ही सुरुवात कुठून कराल? आणि कुठली तपासणी नापास झाली की 'आता बास, नवीन घ्या' म्हणाल?

सातरस्ता

इंजिनापासून. वजन वाढत गेलंय आणि ताकद तेवढीच, मग बाकी सगळं करून गाडी वाळूत रुतणारच की.

रबरमास्तर

सातरस्ता भाऊ, वाळूत रुतलेली गाडी ओढून काढता येते. बुडालेली नाही येत. मी धागाकर्त्याच्या बाजूने.

मागचा रॅम्प, वरच्या झडपा, इंजिनावरचं झाकण, ट्रान्समिशनखालची झाकणं, पेरिस्कोपची चौकट, हेडलाइटची वायर जाते ते भोक, या प्रत्येक ठिकाणी रबर आहे. रबर फाटलं तर डोळ्याला दिसतं. ते न फाटता 'बसतं', ही खरी अडचण. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं सील दाब काढला तरी पुन्हा फुगत नाही. प्रयोगशाळेत यासाठी २५ टक्के दाबून, ७० अंशांवर, २२ तास ठेवतात आणि सोडल्यावर किती परत येतं ते मोजतात. वर्कशॉपमध्ये तेवढं करायची गरज नाही. झडपेच्या धातूच्या कडेला खडू फासा, झडप बंद करून आवळा, उघडा. रबरावर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथून पाणी येणार. जहाजाच्या दारांना हीच चाचणी वर्षानुवर्षं करतात, खर्च दोन रुपये.

रबर बदलताना एक चूक हमखास होते. पाणी, ऊन आणि ओझोन सोसायला ईपीडीएम जातीचं रबर उत्तम, पण खनिज तेल लागलं की ते फुगून मऊ पडतं. नायट्राइल तेलाला टिकतं, पण उन्हात तडकतं. म्हणजे इंजिनाच्या बाजूला नायट्राइल, वरच्या झडपांना ईपीडीएम. आणि ईपीडीएमवर साधं ग्रीस चोपडायचं नाही, सिलिकॉन ग्रीसच लावायचं. नवं कोरं सील बसवून त्यावर हाताला लागेल ते ग्रीस फासलं तर वर्षाच्या आत पहिल्यासारखीच गत होते.

आकडेमोड

रबरमास्तरांच्या मुद्द्याला आकडे जोडतो.

पाण्याच्या पातळीखाली एक मीटरवर फट असेल तर पाणी सेकंदाला साधारण ४.४ मीटर वेगाने आत येऊ पाहतं. कडांमुळे प्रवाह आवळला जातो, म्हणून ०.६ ने गुणायचं. रॅम्पच्या खालच्या कडेला फक्त एक मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब फट धरा. मिनिटाला सुमारे १६० लिटर पाणी. पाऊण तासात ७,२०० लिटर, म्हणजे सात टनांच्या वर.

आता दुसरी बाजू. एएव्हीची लांबी सुमारे ७.९ मीटर, रुंदी ३.३. पाण्याच्या रेषेवर त्याचं क्षेत्रफळ ढोबळ २२ चौरस मीटर धरलं तर एक टन वजन वाढलं की वाहन साडेचार सेंमी खाली बसतं. सात टन म्हणजे तीस सेंमीच्या वर. तेवढी उंची मुळात पाण्यावर शिल्लक असते का, ते ज्याने त्याने छायाचित्रात बघावं.

हाच हिशेब चिलखताला लागतो. तीन टनांच्या प्लेटा लावल्या की साडेतेरा सेंमी कायमचे गेले.

होटगी_रोड

@आकडेमोड हा हिशेब गोड्या पाण्याचा की खाऱ्या?

आकडेमोड

गोड्या. खाऱ्या पाण्याची घनता अडीच टक्क्यांनी जास्त. २९ टनांचं वाहन गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा तीनेक सेंमी जास्त बुडेल. म्हणजे उजनीच्या जलाशयात जे नीट तरंगलं ते समुद्रातही तरंगेल. गंज आणि लाटा यांचा अंदाज मात्र उजनीत येणार नाही.

कुंभारवेस

३० जुलै २०२० चा सॅन क्लेमेंट बेटाजवळचा अपघात या धाग्यात यायलाच हवा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक एएव्ही जहाजाकडे परत जाताना बुडालं. आत १६ जण होते, त्यातले आठ मरीन आणि एक नौसैनिक गेले. वाहन सुमारे ११७ मीटर खोल तळाशी जाऊन बसलं.

चौकशीत जे समोर आलं ते वाचताना जीव कळवळतो, कारण त्यात एकही गोष्ट अनोळखी नाही. सीलमधून गळती. ट्रान्समिशनचं तेल गेल्याने चाल गेली. आणीबाणीत बाहेर पडायची वाट दाखवणारे दिवे चालू नव्हते. पाणी घोट्यापर्यंत आलं की जवानांना बाहेर काढायचं हा नियम, पण पहिलं पाणी दिसल्यापासून पाऊण तास गेला. शेवटी वरची मोठी झडप उघडली आणि लाट सरळ आत आली. मदतीला सुरक्षा-बोट जवळ नव्हती. त्या तुकडीला मिळालेली वाहनंही बरेच दिवस न वापरता उभी ठेवलेल्या ताफ्यातली होती.

नंतरच्या तपासणीत ताफ्यातली बहुतेक वाहनं पाणी रोखण्याच्या कसोटीला उतरली नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये मरीन कोरने ठरवलं की अगदी निकड असल्याशिवाय एएव्ही पाण्यात उतरवायचं नाही.

सातरस्ता, इंजिन त्या वाहनात ५२५ चं होतं, म्हणजे बदललेलंच.

सातरस्ता

मान्य. हे मला ठाऊक नव्हतं. पण 'चाल गेली' हाही मुद्दा आहेच ना? ट्रान्समिशन गेलं नसतं तर वाहन वेळेत जहाजाला लागलं असतं.

वर्कशॉप_नं_४

सातरस्तांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. चाल आणि पंप एकमेकांना बांधलेले असतात. एएव्हीला चार बिल्ज पंप, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणारे, दोन हायड्रॉलिकवर, दोन विजेवर. हायड्रॉलिक पंपाला दाब मिळतो तो चालत्या यंत्रणेतून. ती मंदावली की नेमक्या गरजेच्या वेळी अर्धे पंप गप्प. विजेचे पंप जनरेटर आहे तोवर जोरात, मग बॅटरीवर.

म्हणून नूतनीकरणात माझी पहिली मागणी अशी असेल: एक पंप पूर्णपणे स्वतंत्र. त्याची वेगळी बॅटरी, वेगळी वायर, वेगळा फ्यूज, आणि पाणी चढलं की आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच. मिनिटाला ३०० लिटर पाणी तीन मीटर वर फेकायला निव्वळ दीडशे वॅट लागतात. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर सव्वाचारशे वॅट, म्हणजे २४ व्होल्टवर १७-१८ अँपिअर. १०० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर चार तास निघतात. आकडेमोड यांची १६० लिटरची फट हा एकटा पंप सांभाळू शकतो.

मात्र तोंडाला जाळी हवी आणि ती हाताने उघडून साफ करता आली पाहिजे. बिल्ज पंप मोटर जळून बंद पडतो त्यापेक्षा जास्त वेळा चिंधी, वाळू, केबल बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि रंगाचे पापुद्रे अडकून बंद पडतो. तळ झाडून काढणं हे पंपाच्या देखभालीतच धरा. चाचणीही कोरडी घ्यायची नाही. आत मोजून पाणी ओता, घड्याळ लावा, किती मिनिटांत उपसलं ते लिहा. 'पंप फिरतो' आणि 'पंप उपसतो' या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

बाळीवेस_ताई

मध्येच एक शंका. आपण उभयचर लिहितोय, ते बेडकाला म्हणतात. शाळेच्या पुस्तकात मुलांनी वाचलेलं असतं. जलथलगामी वगैरे शब्द नाही का?

भीमाकाठ

ताई, सैन्याच्या मराठी बातम्यांत उभयचरच रुळलाय. आणि बेडूक पाण्यात उतरण्याआधी सील तपासत नाही, एवढा फरक सोडला तर शब्द चपखल आहे. :)

चिंचोळी_ओतशाळा

सुट्या भागांचं बोलूया. पन्नास वर्षं जुन्या वाहनाचा भाग मूळ कारखाना बनवत नाही, साचे भंगारात गेलेले, नकाशे कागदावरचे. मग जुना भाग थ्रीडी स्कॅन करून पुन्हा बनवायचा. इथे फसगत अशी की स्कॅन झिजलेल्या भागाचा होतो. मोजमाप झिजेसकट उतरतं.

वॉटरजेटचा पंखा घ्या. एएव्हीला मागे दोन वॉटरजेट आहेत, प्रत्येक मिनिटाला सुमारे १४,००० गॅलन म्हणजे ५३ हजार लिटर पाणी फेकतो. पंख्याचं टोक आणि भोवतालची कडी यांच्यातली फट वाढली की पाणी मागे ढकललं जाण्याऐवजी टोकावरून परत फिरतं. इंजिन ओरडतं, वाहन सरकत नाही. सातरस्तांना हे ताकद कमी पडल्यासारखं वाटेल, पण इंजिन निर्दोष असतं. म्हणून पंखा आणि कडी जोडीने बदलायची, एकटा पंखा कधीच नाही.

धातू निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ: साधारण ९ टक्के अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि लोखंड प्रत्येकी ४-५ टक्के, बाकी तांबं. समुद्राचं पाणी आणि बुडबुड्यांचा मार दोन्ही सोसतो. पण ओतताना रस खळखळला की अ‍ॅल्युमिनियमची साय दुमडून आत जाते आणि पात्याच्या मुळाशी लपते. म्हणून रस खालून, संथ चढवायचा. मग पात्यांच्या मुळाशी पेनिट्रंट चाचणी (रंग झिरपवून बारीक चीर शोधायची), मग समतोल. सोलापुरातल्या ओतशाळांना ही शिस्त अवघड नाही. अडचण येते ती नगांच्या संख्येची. तीस पंख्यांसाठी कुणी साचा करत नाही, तीनशेची मागणी एकदम निघाली तर भाव बसतो. ताफ्याचं नूतनीकरण दरवर्षी पाच-पाच वाहनांचं केलं की सुट्या भागांचा पुरवठा कधीच उभा राहत नाही.

हत्तरसंग

लई भारी प्रतिसाद. जतन करून ठेवला.

धातूविद्या

मूळ प्रश्नातला 'आता बास कधी' हा भाग अजून कुणी घेतला नाही. माझं उत्तर: हलच्या, म्हणजे वाहनाच्या मुख्य धडाच्या, पत्र्यावर ठरवा.

ही वाहनं वजन कमी ठेवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची असतात, ५००० मालिकेतला मॅग्नेशियमवाला मिश्रधातू. मॅग्नेशियम तीन टक्क्यांच्या वर असेल आणि पत्रा बराच काळ ६५ अंशांच्या आसपास किंवा वर राहिला, तर मॅग्नेशियम कणांच्या सीमांवर साचत जातं. मग खाऱ्या पाण्यात त्या सीमा खाल्ल्या जातात आणि ताण असेल तिथे चिरा पडतात. रंग नवा, पत्रा आतून पोखरलेला. आपल्याकडच्या मे महिन्यात हवा ४३-४४ अंश असते, उघड्यावर उभ्या गडद हिरव्या पत्र्याचं तापमान साठ-पासष्टच्या पुढे जातं. न वापरता उन्हात उभं केलेलं वाहन 'जपून ठेवलेलं' नसतं, हे यासाठी.

तपासायची पद्धत ठरलेली आहे. पत्र्याचा छोटा तुकडा कापून तीव्र नायट्रिक आम्लात २४ तास ठेवायचा आणि वजन किती घटलं ते मोजायचं. दर चौरस सेंमीला १५ मिलिग्रॅमच्या आत घट असेल तर पत्रा ठीक. २५ च्या वर गेली तर तो धोक्याच्या गटात. अशा पत्र्यावर वेल्डिंग करून उपयोग नाही, टाका सुटत नाही पण त्याच्या शेजारी नवी चीर जाते. तळाच्या आणि बाजूच्या पत्र्यांचे नमुने २५ च्या वर आले की त्या वाहनावर एक रुपयाही घालू नका.

जोडीला दुसरा आजार, अ‍ॅल्युमिनियममध्ये घुसलेले लोखंडी बोल्ट. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. नव्या सीटा, नवे रेडिओ, नव्या प्लेटा लावताना शेकडो नवी भोकं पडतात. प्रत्येक भोकात सीलंट, प्रत्येक बोल्टखाली विद्युतरोधी वायसर, हे करारातच लिहिलेलं हवं. नाहीतर नूतनीकरणच गंजाची पेरणी करतं.

रेल्वे_लाईन्स

पण मग पाण्यातला वेग का नाही वाढवत? १३ किमी म्हणजे सायकलचा वेग. किनाऱ्यावरून क्षेपणास्त्र येतंय आणि आपण तासभर पाण्यात.

आकडेमोड

लाटेमुळे. जडशीळ खोका पाणी कापत चालला की स्वतःच पुढे लाट उभी करतो. साडेसात मीटर लांबीच्या हलला ही भिंत साधारण साडेसहा नॉट म्हणजे १२ किमीच्या आसपास आडवी येते. तिथून पुढे ताकद दुप्पट केली तरी वेग किंचित वाढतो. भिंत ओलांडायची तर वाहनाने पाण्यावर चढून घसरलं पाहिजे, स्पीडबोटीसारखं.

ईएफव्हीने तेच केलं. पाण्यात वेग २० नॉटच्या वर, पण त्यासाठी इंजिन २,७०० अश्वशक्तीचं, पुढे उघडणारी फळी, मागे उघडणारी फळी, ट्रॅक झाकणाऱ्या पट्ट्या आणि हे सगळं हलवणारी हायड्रॉलिक. २००६ च्या चाचणीत सरासरी साडेचार तासांना काम थांबवणारा एक बिघाड. चीनचं झेडबीडी-०५ याच तत्त्वावर पाण्यात ताशी २५ किमीच्या आसपास जातं, पण ते पहिल्यापासून त्यासाठीच आखलेलं. जुन्या खोक्याला नवं इंजिन लावून हे होत नाही. ज्याच्या प्रस्तावात 'इंजिन बदलून पाण्यातला वेग दीडपट' असं लिहिलंय, त्याला लाटेचा हिशेब विचारा.

सातरस्ता

माझी पहिली ओळ मागे घेतो. इंजिन जमिनीसाठी, पाण्यासाठी नाही, असं म्हणू का?

वर्कशॉप_नं_४

बरोबर. आणि इंजिन बदलाल तेव्हा थंड ठेवण्याचंही बघा. जमिनीवर पंखा हवा ओढतो, पाण्यात हवेच्या वाटा बंद किंवा अरुंद होतात. ४०० च्या जागी ५२५ म्हणजे उष्णतासुद्धा तीस टक्के जास्त. रेडिएटर जुनाच ठेवला तर किनारा यायच्या आधी तापमापकाचा काटा लाल रेघेवर.

अक्कलकोट_रोड

मला चाकं पटत नाहीत. एसीव्हीला आठ चाकं, ६९० अश्वशक्ती, रस्त्यावर ताशी १०५ किमी, छान. पण लाटांच्या पट्ट्यात वाहन अर्धं तरंगत, अर्धं टेकलेलं असतं. ट्रॅक लांबवर पसरून वाळू धरतो. चाक तेवढ्यात फिरून खड्डा करतं. जुलै २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटन या मरीन तळाजवळ मोठ्या लाटांत दोन एसीव्ही अडकली, त्यातलं एक उलथलं. कुणी जखमी झालं नाही हे नशीब.

कुंभारवेस

अक्कलकोट_रोड, चाकांच्या बाजूनेही ऐका. एखादं चाक सुरुंगाने गेलं तरी उरलेल्या सातांवर गाडी निघते, ट्रॅक तुटला की जागीच खिळते. आतून टायरचा दाब कमी-जास्त करता येतो, मऊ वाळूत दाब उतरवला की टायर पसरतो. शंभर किमी रस्त्याने ट्रॅक चालवला तर रबरी पॅड आणि पिना यांचं बिल येतंच.

पण लाटांत वाहन आडवं का होतं, त्याचं कारण निव्वळ चाकांत नाही. एएव्ही दोन वॉटरजेटवर वळतं, एसीव्ही दोन प्रोपेलरवर. मागून लाट उचलते तेव्हा प्रोपेलर क्षणभर हवेत फिरतो आणि वळवण्याची ताकद जाते. लाटेला नाक किंवा शेपूट सरळ ठेवायचं, तीस-चाळीस अंशांनीही तिरपं झालं तर पुढची लाट आडवं करते. जुन्या वाहनावर हात बसलेल्या चालकाची हीच सवय बदलावी लागते. म्हणून मरीन कोरला चालकांना नव्याने तयार करणारी वेगळी प्रशिक्षण तुकडी काढावी लागली. ताफ्याच्या बदलाच्या खर्चात हा खर्च कुणी धरत नाही.

माणसांचा हिशेबही बदलतो. एएव्हीत २१ जवान, एसीव्हीत १३, कारण धक्का शोषणाऱ्या सीटा जागा खातात. १५६ जवान न्यायला आधी आठ वाहनं पुरायची, आता बारा. जहाजाच्या डेकवर तेवढी जागा हवी.

होटगी_रोड

हे सगळं अमेरिकेचं. भारताला वेगळा मरीन कोरच नाही.

भीमाकाठ

कोर नाही, पण काम आहे. आपली उभयचर फळी लष्करात आहे, तिरुवनंतपुरमची ९१ वी पायदळ ब्रिगेड त्यातली. नौदलाकडे आयएनएस जलाश्व २००७ पासून, शिवाय मगर आणि शार्दूल वर्गातली जहाजं. वाहन म्हणाल तर बीएमपी-२, आपलं सारथ, मेदकच्या कारखान्यात बनलेलं. आणि नवं आठ चाकी व्हॅप हे अहिल्यानगरच्या व्हीआरडीई (डीआरडीओची वाहन संशोधन संस्था) आणि टाटा यांनी मिळून केलंय. म्हणजे विषय आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे.

मेकॅनाइज्ड_मन

सारथबद्दल नेमकं लिहितो, कारण त्याची आणि एएव्हीची तुलना करताना गल्लत होते. वजन १४.३ टन, इंजिन ३०० अश्वशक्ती, पाण्यात ताशी ७ किमी. वॉटरजेट नाही, ट्रॅक फिरवूनच पोहतं. ते नदी आणि कालवा ओलांडायला बनलंय, फुटणाऱ्या समुद्रलाटांतून यायला नाही. एएव्ही दहा फुटी लाटा फोडायला आखलेलं.

पाण्यात उतरण्याआधी सारथवर काय करायचं: तळाची सगळी बुचं आवळलेली का ते हाताने बघायचं, पंप चालवून बघायचा, पुढची लाटरोधक फळी उचलायची, हवेची नळी वर करायची, चालकाचा मधला पेरिस्कोप काढून उंच पेरिस्कोप बसवायचा, कारण उचललेली फळी समोरचं झाकते. मग पाण्यात उतरून लगेच पुढे जायचं नाही. काठालगत थांबून आत पाणी येतंय का बघायचं.

नूतनीकरणात इथे दोन चुका होतात. एक, ट्रॅकवरच्या मडगार्डची मागची जाळी. ती चिखल अडवायला नाही, ट्रॅकने ओढलेलं पाणी मागे वळवायला आहे. वाकलेली जाळी सरळ करून रंगवली तरी पात्यांचा कोन बिघडला की वेग घटतो. दोन, बाजूला लावलेलं जादा चिलखत. सारथची पाण्यावरची रेषा ढोबळ १८ चौरस मीटरची, म्हणजे एका टनाला साडेपाच सेंमी. लहान वाहनाला वजन जास्त महागात पडतं. शिवाय नवी दृष्टियंत्रं, क्षेपणास्त्रं टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, बसतात, वजन उंचावर जातं. तरंगेल, पण कलंडायची भीती वाढते. आत पाणी असेल तर ते कललेल्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. प्रत्येक किलोची नोंद उंचीसकट ठेवा.

हत्तरसंग

सप्टेंबर २०२५ ला सीनेला पूर आला तेव्हा गावात सगळे म्हणत होते, सैन्याच्या या गाड्या का नाही आणत? माणसं घरांवर बसलेली. खरंच का नाही आणत?

मेकॅनाइज्ड_मन

प्रश्न रास्त आहे. ७ किमी म्हणजे सेकंदाला जेमतेम दोन मीटर. पुराचा प्रवाह तीन मीटरचा असला तर वाहन पुढे जाण्याऐवजी खाली वाहत जाईल. पाण्याखाली ऊस, काटेरी तारा, ठिबकच्या नळ्या, ट्रॅकमध्ये गुंतल्या की संपलं. आत सात माणसांची जागा, वर चढायला उंच, म्हातारी माणसं आणि लेकरं झडपेतून कशी उतरवणार? रबरी बोट आणि मागे मोटर, हेच योग्य साधन. साचलेल्या, संथ पाण्यातून औषधं न्यायला चिलखती वाहनापेक्षा उंच ट्रक बरा.

बाळीवेस_ताई

एक विचारते. समुद्रातून आल्यावर नुसतं धुऊन ठेवलं की झालं का?

वर्कशॉप_नं_४

ताई, धुणं त्याच दिवशी, गोड्या पाण्याने, आतूनसुद्धा. दाबाचं पाणी सीलवर आणि बेअरिंगवर सरळ मारायचं नाही, मीठ आत ढकललं जातं. मग चाकांच्या हबचं तेल बघायचं. तेल ताकासारखं पांढरट झालं असेल तर आत पाणी शिरलंय, नुसतं तेल बदलू नका, सील बदला. ग्रीसच्या प्रत्येक निपलला जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारायचा. वायरचे कनेक्टर उघडून हिरवी बुरशी दिसते का ते बघायचं. जुन्या वाहनातले निम्मे 'विद्युत बिघाड' त्या हिरव्या थरात असतात. आणीबाणीचे दिवे याच रांगेत, बॅटरी काढून, अंधारात, प्रत्यक्ष लावून बघायचे.

भीमाकाठ

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर येतो, कारण वाचता वाचता माझं मत थोडं सरकलं.

आधी पत्र्याचा नमुना, धातूविद्या म्हणतात तसा. तो नापास तर वाहन सुट्या भागांसाठी खोला. पास झालं तर सील, स्वतंत्र पंप, आणीबाणीचे दिवे आणि झडपांचे खटके. मग हौदात उतरवून, इंजिन बंद ठेवून, तासाभरात आत किती लिटर आलं ते मोजा. हे होईपर्यंत इंजिनाची निविदा काढू नका. त्यानंतर ट्रान्समिशन आणि पंखे, कारण चाल गेली तर पंपही जातो, हे सातरस्तांमुळे लक्षात आलं. इंजिन त्यानंतर. चिलखत शेवटी, आणि तेही तरंगण्याच्या हिशेबात बसेल तेवढंच. तिसऱ्यांदा वजन वाढवायची वेळ आली की मी नवीन घ्या म्हणेन.

धातूविद्या

एक दुरुस्ती. हौदातली चाचणी थंड वाहनावर घेऊ नका. इंजिन तासभर चालवून, हल गरम करून, मग लगेच पाण्यात. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, रॅम्पच्या लोखंडी खटक्यांची पकड गरम असताना आणि थंड असताना एकसारखी नसते. दोन्ही वेळचे लिटर लिहा.

मेकॅनाइज्ड_मन

आणि तळाची बुचं काढली की ती चालकाच्या सीटवर ठेवायची. ती जागेवर बसल्याशिवाय त्याला बसताच येणार नाही.

हत्तरसंग

हे लिहून घेतलं बघा.